क्षमा पोचली

"ह्याच्यावर पण बर्फच हाय की रं," पिशवीतून कार्ड काढत प्रेमला म्हणाली.

"नाताळचं कार्ड म्हटल्यावर बर्फच असणार, आई. लोंढ्यातला चिखल कोण छापतंय?" वृषभ बूट काढत होता. कामासाठी बेळगावला गेला की डिसेंबरात आईचं एवढं एक काम असायचं. "अख्खा खडेबाजार फिरलो. एकजण हसलाच. मोबाईलवर पाठवा की म्हणाला."

"मग आणलंस कशाला?"

"न्हाय आणलं असतं तर महिनाभर तोंड फुगवून बसली असतीस."

निपाणीच्या ह्या घरातून लोंढ्याला दर नाताळात एक कार्ड जायचं. प्रेमला आणि मालू बेळगावला नर्सिंगच्या ट्रेनिंगला एका खोलीत होत्या. प्रेमला जैन, मालू ख्रिस्ती. चातुर्मासात प्रेमला दिवस मावळायच्या आत जेवायची. ती एकटी जेवायला नको म्हणून मालूही तिच्याबरोबर पानावर बसायची आणि रात्री भूक लागली की तिलाच शिव्या द्यायची. पुढे प्रेमला निपाणीच्या आसपासच्या सरकारी दवाखान्यांत राबली, मालू लग्न करून लोंढ्याला गेली. प्रेमलाने पहिलं नाताळ कार्ड पाठवलं, तेव्हा परतफेड म्हणून मालूने क्षमावाणीचं कार्ड पाठवायचं ठरवलं.

पर्युषण संपलं की जैन घरांतून अशी कार्डं जातात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा मागतो, एवढाच मजकूर. मालूला वाटलं, ही क्षमा द्यायची असते. तिने लिहिलं, 'प्रिय प्रेमला, तुला क्षमा केली आहे. तुझी मालू.' प्रेमला पोट धरून हसली. तिने ती चूक कधीच दुरुस्त केली नाही, आणि मालू दरवर्षी न चुकता क्षमा करत राहिली.

ह्या वर्षी मात्र पर्युषण संपून तीन महिने झाले तरी लोंढ्याहून काही आलं नव्हतं.

संध्याकाळी फोन आला तो मालूच्या सुनेचा, पूर्णिमाचा.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका. ह्या वर्षी कार्ड नका पाठवू."

"का गं? मालू बरी हाय न्हवं?"

"तब्येत बरी हाय. पण ते विसरायचं लई वाढलंय. तुमचं गेल्या वर्षीचं कार्ड टेबलावर असायचं. रोज बघून त्यांना वाटायचं, आजच आलंय. शेजारीपाजारी दाखवत फिरायच्या."

"मग चांगलंच की."

"तेवढंच असतं तर चांगलंच होतं. पण मग उत्तर टाकून येते म्हणायच्या आणि चप्पल घालून निघायच्या. मी शाळेत शिकवायला गेलेली, घरात कोण न्हाय. एकदा स्टेशनापलीकडं सापडल्या. एकदा रुळाच्या कडेनं चालत होत्या, मावशी."

प्रेमलाने हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"म्हणून मी कार्ड लपवलं. आठवडाभर कपाटं उपसली त्यांनी. प्रेमला गेली काय, म्हणून रडल्या. मग थांबल्या. आता शांत आहेत."

"थांबली म्हणजे?"

"आता तुमचं नाव काढत न्हाईत."

फोन ठेवून प्रेमला कार्डाकडे बघत बसली. बर्फात एक घर होतं आणि घराच्या खिडकीत पिवळा दिवा.

"पूर्णिमावहिनीचं बरोबर हाय," वृषभ म्हणाला. "आपल्या कार्डापायी काय झालं तर?"

"बरोबरच हाय की. मी कुठं चूक म्हणतोय?" प्रेमला म्हणाली. निपाणीकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःला 'म्हणतोय' म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरातून आल्यावर ती परत कार्ड घेऊन बसली. दवाखान्यात एखादा म्हातारा पुन्हा पुन्हा खाटेवरून उठायचा. त्याला बांधून ठेवण्याआधी तो कशासाठी उठतोय ते बघावं लागायचं. कधी नुसतं पाणी हवं असायचं. मालू कार्डासाठी उठत नव्हती. उत्तर द्यायचं राहिलंय, ह्यासाठी उठत होती.

तिने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वृषभला वाचायला दिलं.

'प्रिय मालू, तुझं कार्ड मिळालं. क्षमा पोचली. आता उत्तर टाकू नकोस. बाहेर थंडी आहे, घरीच बस. प्रेमला.'

"पण तिचं कार्ड आलंच न्हाय की ह्या वर्षी," वृषभ म्हणाला. "तू आणि खोटं लिहितीस?"

केलं नाही ते पेशंटच्या चार्टवर लिहायचं नाही, ह्यावरून प्रेमलाने नोकरीत डॉक्टरांशीही भांडणं काढली होती.

"व्हय. पुढच्या पर्युषणानंतर मागतो की क्षमा."

"कुणाकडं?"

"तिच्याकडंच. ती काय, मागायच्या आधीच देतीया."

पाकिटावर तिने पूर्णिमाचं नाव घातलं. आत वेगळी चिठ्ठी ठेवली: आधी तू वाच. पटलं तर दे, नाहीतर ठेवून दे, मी विचारणार नाही.

तिने खरंच विचारलं नाही. नाताळ झाला, नवीन वर्ष लागलं. संक्रांतीच्या आधी पूर्णिमाचाच फोन आला.

"दिलं, मावशी. सुट्टीत रोज घरी बसून बघितलं. चप्पल घालतात, दारात परत एकदा वाचतात आणि चप्पल काढून ठेवतात. शेजारच्या आक्कांनाही लक्ष ठेवायला सांगितलंय. थांबा, देते त्यांच्याकडं."

फोनमध्ये बराच वेळ खुडबुड झाली.

"कोण बोलतंय?" मालूचा आवाज आला.

"मी. निपाणीहून."

"निपाणीला माझी मैत्रीण असती. ओळखता तुम्ही? प्रेमला. तिचं कार्ड आलंय आज."

प्रेमलाने पदर तोंडाशी धरला. मग नीट आवाज काढून विचारलं, "व्हय? काय लिवलंय?"

मालूने शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर लावत वाचलं. क्षमा पोचली. बाहेर थंडी आहे, घरीच बस.

"मग बसा की घरीच," प्रेमला म्हणाली. मालूला ती आजवर कधी अहो-जाहो बोलली नव्हती.

"बसते की," मालू म्हणाली. "तुम्ही फोन ठेवा आता. मला चप्पल काढायची हाय."