डावखुरी गाठ

ट्रेवरने बिस्किटांचा जुना डबा लॉरीच्या पायरीवर ठेवला आणि झाकण उघडून तो बाजूला झाला. बर्ट थ्वेटने चष्मा पुसला आणि वाकून आत पाहिलं. डब्यात दोराचे तुकडे होते, तेलकट, काळे पडलेले. जवळजवळ प्रत्येक तुकड्यात एक गाठ होती आणि प्रत्येकाला तो कोणत्या आकड्यावरचा ते लिहिलेली एक चिठ्ठी बांधलेली होती.

“तुमच्यासाठी राखून ठेवलेत, मालक,” ट्रेवर म्हणाला. “बायको टाकून देणार होती. म्हटलं, मला टाक हवं तर, पण या डब्याला हात लावू नकोस.”

ट्रेवर मेटकाफ पोटासाठी नळदुरुस्ती करायचा आणि उरलेला सगळा वेळ जुन्या लॉऱ्यांना द्यायचा. ऑर्टन गावच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, गवताच्या गंजीमागे ही अ‍ॅटकिन्सन लॉरी त्याला सापडली, तेव्हा तिची एक बाजू चेपलेली होती आणि केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. सहा वर्षं त्याने तिच्यावर जीव टाकला. दारावरचा रंग खरवडता खरवडता खालून अक्षरं निघाली, ‘थ्वेट अँड सन, केंडल’, तशी त्याने ती सोनेरी रंगात पुन्हा काढून घेतली. आज जुन्या लॉऱ्यांच्या मेळाव्यासाठी केंडलबाहेरच्या कुरणात अशा साठ-सत्तर लॉऱ्या ओळीने उभ्या होत्या. हातात चहाचे कप घेतलेली म्हातारी माणसं दारांवरची नावं वाचत हिंडत होती. निम्म्या कंपन्या कधीच बुडाल्या होत्या, तरी कुणाचा ड्रायव्हर कोणत्या चढावर अडकला होता ते त्यांना तोंडपाठ होतं.

ट्रेवरच्या आमंत्रणाला बर्टने दोनदा नकार कळवला होता. तिसऱ्या वेळी ऑलिव्हनेच फोन घेतला आणि आम्ही दोघं येतो म्हणून सांगून टाकलं. आपला मुलगा कीथ ज्या गाडीत गेला ती मरायच्या आत एकदा बघायची आहे, एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. आता ती लॉरीपासून चार पावलांवर घडीच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स. आल्या आल्या तिने दारावरच्या ‘सन’ या अक्षरांवरून बोट फिरवलं होतं आणि मग जाऊन बसली होती.

“तुम्हाला एक विचारायचं होतं,” ट्रेवरने डब्यातला एक तुकडा उचलला. “अपघातानंतर गाडी ओढून काढताना लोकांनी दोर मधोमध कापले असणार. गाठी हौद्याच्या कडेच्या आकड्यांवर तशाच राहिल्या. या चार ड्रायव्हरच्या बाजूच्या. लाकडासारख्या घट्ट आहेत, पकडीनेसुद्धा हलत नाहीत. पण यांचा पीळ उलटा कसा?”

“कीथ डावखुरा होता,” बर्ट म्हणाला.

लॉरीवाले त्या गाठीला डॉली म्हणत. दोराला दोन पीळ देऊन फासा करायचा, खालचा दोर आकड्यातून वळवून त्या फाशातून घ्यायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली खेचायचं. चांगली बसलेली डॉली ग्लासगोपर्यंत इंचभर ढळत नसे. बर्टने कीथला ती कंपनीच्या यार्डात शिकवली होती आणि पोरगा ती आरशातल्यासारखी उलटी बांधतो म्हणून त्याला किती वेळा झापलं होतं. असली गाठ एक दिवस सुटेल, असं तो सगळ्यांदेखत बोलायचा. कीथ नुसता हसायचा. घरी ‘डॅड’ म्हणणारा कीथ यार्डात पाऊल टाकलं की त्याला ‘मालक’ म्हणायचा. म्हणायचा, “मालक, गाठीला काय कळतंय कुठल्या हाताने बांधली ते?”

“आणि या पलीकडच्या, रस्त्याच्या कडेच्या बाजूच्या,” ट्रेवर उत्साहाने सांगत होता. “तीन सरळ पिळाच्या. चौथी सापडलीच नाही. मला वाटलं, हरवली. पण चौथ्या आकड्याखाली हा दोर लोंबत होता. बघा, याचं टोक शाबूत आहे. टोक उसवू नये म्हणून तुमच्याकडे गुंडाळायचे तो लाल दोरासुद्धा आहे. म्हणजे हा कुणी कापलेला नाही, आपोआप सुटलाय. होय ना?”

बर्टने तो दोर हातात घेतला. टोकावरून अंगठा फिरवत त्याने दुसरा हात पायरीवर टेकला.

एकतीस वर्षांपूर्वीची जानेवारीची सकाळ. हौद्यात कापीव लाकडाच्या फळ्या, वर ताडपत्री, आणि शॅपच्या घाटावर दुपारी बर्फ पडणार असा अंदाज. थ्वेटांच्या यार्डात एक नियम होता, आणि तो बर्टनेच घातलेला होता. जो गाडी चालवणार, त्यानेच माल बांधायचा. दुसऱ्याच्या दोराला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी मात्र पोरगा बर्फाआधी घाट उतरावा म्हणून त्याने स्वतःच तो नियम मोडला. कीथने ड्रायव्हरची बाजू घेतली, बर्टने कडेची. तीन गाठी पक्क्या बसल्या. चौथ्या दोराच्या वेळी ऑफिसातला फोन वाजायला लागला होता. बर्टने घाईत एकच पीळ दिला, दोर खेचला आणि तो फोनकडे धावला.

शॅपच्या उतारावर, वळणावर, फळ्या कडेच्या बाजूला सरकल्या आणि गाडीला घेऊन आडव्या झाल्या. कीथ तेवीस वर्षांचा होता.

चौकशीत अधिकाऱ्याने विचारलं होतं, माल कोणी बांधला? बर्टने उत्तर दिलं होतं, आमच्याकडे जो चालवतो तोच बांधतो. नियम खरा होता. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही आणि त्यानेही तोंड उघडलं नाही. ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे, असं कागदावर आलं. घरी येताना ऑलिव्ह बसमध्ये म्हणाली होती, “त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा कधी धड लावलेली नसायची.” मग दरवर्षी कीथच्या वाढदिवसाला ती हेच म्हणायची, आधी रागाने, पुढे पुढे मायेने. पोरगा गुणी होता, पण धांदरट. दरवर्षी बर्ट मान हलवायचा. डावखुरी गाठच सुटली असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. आकड्यांकडे बघायला तो कधी गेला नाही. गाडी भंगारात काढा म्हणून त्याने सांगितलं, ती ऑर्टनच्या त्या शेतकऱ्याने कवडीमोलाने नेली, आणि पुढे थ्वेट कंपनीही आवरली.

“मालक? बरं वाटत नाही का? चहा आणू?” ट्रेवरने विचारलं.

“नको.”

“मग एक काम कराल?” ट्रेवर जरा ओशाळला. “मिरवणुकीला अजून वेळ आहे. मी मागे फळ्या रचल्यात, ताडपत्री घातलीय, दोरही टाकलेत. पण या कुरणात धड डॉली बांधणारा माणूस नाही. सगळे दोराऐवजी पट्टे आवळणारे. मी बांधली तर फाटकापर्यंतसुद्धा टिकणार नाही. तुमच्या हातची असली तर तिची शोभा होईल.”

नाही म्हणायला बर्टने तोंड उघडलं. तेवढ्यात खुर्चीतून ऑलिव्ह म्हणाली, “बांध की. तुझ्या गाठीला कुणी नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत.”

तो ड्रायव्हरच्या बाजूला गेला. दोर नवा होता, निळा, हातात घसरणारा. त्याने तो उजव्या हातात धरला, थांबला, मग डाव्यात घेतला. ऐंशीला टेकलेली बोटं उलटा पीळ घ्यायला कुरकुरत होती. पहिला फासा निसटला. दुसरा बसला. त्याने आकड्यातून दोर वळवून घेतला आणि सगळं अंग टाकून खेचला. फळ्या कण्हल्या. अशा चार गाठी झाल्या. एवढं होईपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ट्रेवर म्हणत होता की आता कळलं, डब्यातल्यासारखीच हुबेहूब.

मग बर्ट वळसा घालून कडेच्या बाजूला आला. ऑलिव्हची खुर्ची याच बाजूला होती. तीन गाठी त्याने उजव्या हाताने बांधल्या. चौथा दोर हातात आल्यावर त्याला तो बांधवेना.

“काय झालं?” ऑलिव्हने विचारलं. “हात दुखतोय?”

“ऑलिव्ह, त्या दिवशी ही बाजू मी बांधली होती.”

तिने त्याच्याकडे पाहिलं.

“कोणत्या दिवशी?”

“त्याच दिवशी. त्याच्या गाठी सुटल्या नाहीत. चारच्या चार अजून घट्ट आहेत, त्या डब्यात. सुटली ती माझी. ही, शेवटची. फोन वाजला म्हणून मी ती अर्धवट टाकून पळालो.” त्याने दोर मुठीभोवती गुंडाळला. “चौकशीत मी सांगितलं नाही. तुलाही नाही.”

ट्रेवर झाकण हातात धरून उभा राहिला. पलीकडे कुणीतरी जुनं इंजिन चालू केलं. लोक टाळ्या वाजवत होते.

ऑलिव्हने पर्स खुर्चीखाली ठेवली. खुर्चीचा हात धरून ती सावकाश उठली. बर्टला वाटलं, ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती त्याच्या अंगावरून पुढे गेली, डब्याजवळ थांबली आणि चिठ्ठ्या वाचून वाचून तिने कीथचे ते चार तुकडे तेवढे उचलले. मग लॉरीच्या नाकाला वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला गेली.

बर्ट दोर धरून उभा होता. पलीकडून तिचा आवाज आला, हळू, लहान मुलाशी बोलतात तसा. “धांदरट नव्हतास रे,” ती म्हणत होती. “धांदरट नव्हतास.”

कर्ण्यावरून लॉऱ्यांचे क्रमांक पुकारायला सुरुवात झाली. ट्रेवरने घसा खाकरून विचारलं की आता निघायचं का. बर्ट गुडघ्यांवर हात टेकून वाकला. चाकांमधून त्याला पलीकडच्या गवतातले तिचे तपकिरी बूट दिसले. ती इकडे परत येईल म्हणून तो तसाच वाकून बघत राहिला. पुढच्या दोन लॉऱ्या निघून गेल्या, तरी ते बूट जागचे हलले नाहीत.