लांब बोट

टोपीवरची पावडर पुसली गेली होती.

चिमटेवाल्यांनी टेबलावरचा दिवा खाली ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि पुन्हा पाहिलं. काल संध्याकाळी काम आवरताना त्यांनी स्वतःच दांड्याच्या टोकावर नवी रबरी टोपी चढवली होती आणि तिच्यावर पांढऱ्या पावडरीचा हात फिरवला होता. आता टोपी काळीकुळकुळीत दिसत होती.

"ताई, खोलीत कुणी आलं होतं?"

"कोण येणार?" थोरली बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझ्या खोलीत यायचं तर उंदरालासुद्धा आधी विचारावं लागतं."

चिमटेवाले हसले नाहीत.

हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इस्पितळांतली शस्त्रक्रियेची हत्यारं, चिमटे, कात्र्या, पकडी दुरुस्त करण्यात जन्म गेला, म्हणून लोक चिमटेवाले म्हणू लागले. हात सोन्यासारखा आणि मन शंकेखोर. तरुणपणी एका कारखान्यात असताना त्यांनी शीर न चिरडता धरून ठेवणारी पकड तयार केली होती. मालकाने पाठ थोपटली, आणि पुढे ती पकड मालकाच्या मुलाच्या नावाने बाजारात आली. दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. चिमटेवाले तेव्हापासून पाणीही फुंकून प्यायला लागले. लग्न जुळत यायचं आणि यांच्या उलटतपासणीला कंटाळून मुलीकडचे हात जोडायचे. नवरा गेल्यावर ताई त्यांच्याकडे राहायला आली. तिच्यावर मात्र त्यांना कधी नजर ठेवावीशी वाटली नव्हती.

आणि मग सर्जन भेटले. एक बोथट झालेली कात्री घेऊन ते स्वतःच दारात आले होते.

"पूर्वी पोट उघडायचो तेव्हा बोटांनी चाचपून कळायचं, कुठे मऊ आहे, कुठे गाठ आहे," बोलता बोलता ते म्हणाले. "आता बारीक भोकातून लांब दांडे आत घालायचे. दुर्बिणीतून दिसतं सगळं, पण हाताला लागत काहीच नाही. चिमटेवाले, माझं बोट मला परत करता येईल का?"

त्या एका प्रश्नावर दोघं कामाला लागले. पोकळ दांड्याच्या टोकाशी केसासारखी स्प्रिंग, तिच्यावर बारीक खिळा, वर रबरी टोपी. टोक टेकवलं की खिळा हलकेच दाबायचा आणि किती रुतला ते मुठीतल्या दिव्यांवर कळायचं. मऊ असलं तर हिरवा, घट्ट असलं तर पिवळा, कठीण असलं तर लाल. नाव काय ठेवायचं यावर खल झाला नाही. दोघंही त्याला 'बोट'च म्हणत.

खाटकाकडून आणलेल्या काळजावर बोट चालवून झालं. मग ताईने जिलेटिनच्या वड्या घट्ट करून द्यायला सुरुवात केली. आत कुठेतरी ती काचेचा मणी लपवायची, कधी वर, कधी खोल, आणि हाताची घडी घालून उभी राहायची. दोघं मोठी माणसं दांडा घेऊन मणी शोधायची. चुकले की ती म्हणायची, "हरलात. आता चहा तुम्ही करायचा."

सर्जन इस्पितळातून सुटतील तेव्हा येत. त्यासाठी गल्लीकडच्या दाराची एक किल्ली चिमटेवाल्यांनी त्यांना दिली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला किल्ली दिली होती.

आता तीच किल्ली त्यांच्या डोक्यात रुतून बसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोट ठेवायच्या पेटीच्या झाकणाला एक दोरा चिकटवला. सकाळी दोरा तुटलेला. आठवडा संपायच्या आत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. धार लावलेली हत्यारं पोचवायला ते इस्पितळात गेले, तर सर्जन व्हरांड्यात एका कोटवाल्याशी बोलत उभे होते. कोटवाल्याच्या बॅगेवर मोठ्या कंपनीची पाटी होती. चिमटेवाल्यांना पाहून सर्जनांनी हात केला. चिमटेवाल्यांना तो हात जरा घाईने वर आल्यासारखा वाटला.

"कोण होता तो?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"कोण? हां, तो. खाटा विकतो. चाकाच्या खाटा."

"तुम्हाला कशाला दाखवतो खाटा?"

"मी खरेदी समितीवर आहे ना." सर्जनांनी बोट उचललं, टोपी पाहिली. "नवी घातलीत? छान."

"जुनी झिजते फार. आपण दोघं वापरतो त्यापेक्षा जास्त."

सर्जनांनी मान वर केली. "म्हणजे?"

"डॉक्टर, मी नसताना इथे येऊन कुणी बोट हाताळतं. मापं घेतं. दाराला किल्ल्या दोनच आहेत."

दारात ट्रे घेऊन उभी असलेली ताई म्हणाली, "अरे, काय बोलतोयस? जीभ आवर." पण तिचा आवाज मध्येच अडकला.

सर्जन रागावले असते तर चिमटेवाल्यांना बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"तुमचं बोट तुमच्यापाशी राहू द्या," ते म्हणाले. "माझ्यावर उगारलंत, एवढंच लक्षात राहील."

चिमटेवाल्यांनी त्याच दिवशी गल्लीकडचं कुलूप बदललं. त्या रात्री ते निवांत झोपले.

सकाळी टोपीवरची पावडर पुन्हा पुसलेली होती.

घराच्या बाजूने खोलीला नुसती कडी होती, आणि घरात दुसरं माणूसच नव्हतं. ते बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. मग वाईट विचार एकेक करून यायला लागले. सर्जन आणि ताई चहा पिताना किती हसायचे! काल ती त्यांची बाजू घेऊन का बोलली? आवाज का अडकला? डॉक्टरांनी तिला काही सांगितलं असेल का? जेवताना ते तिच्या हातांकडे पाहत होते. तिने वाढलेलं त्यांना गिळवेना आणि आपल्याला गिळवत नाही याचीही लाज वाटत होती.

"स्क्रू आणायला जातो. उशीर होईल," दुपारी ते म्हणाले आणि कोपऱ्यावरून वळसा घालून परत आले. चपला हातात घेऊन स्वयंपाकघरात शिरले. खोलीची कडी निघालेली होती. फटीला त्यांनी डोळा लावला.

ताई त्यांच्या स्टुलावर अर्धवट पाठमोरी बसली होती. पदर मांडीवर पडला होता. डावा हात डोक्यावर ठेवून उजव्या हाताने ती बोट काखेच्या खाली टेकवत होती. उचलत होती, जरा पुढे सरकवत होती, पुन्हा टेकवत होती. जिलेटिनच्या वडीवर दोघं फिरवायचे, तसंच. तिच्या मुठीत हिरवा लागला. हिरवा. पिवळा. मग लाल. तिने बोट उचललं, टोपी पदराने पुसली आणि पुन्हा त्याच जागी टेकवलं. लाल.

चिमटेवाले मागच्या मागे बाहेर आले. अंगणात त्यांनी चपला घातल्या, आणि स्वतःच्याच घराच्या दारावर परक्यासारखी टकटक केली.

ती यायला वेळ लागला. पदर नीट होता.

"लवकर आलास. मिळाले नाहीत स्क्रू?"

"ताई, कधीपासून आहे?"

तिला लगेच कळलं. ती उंबऱ्यातच बसली.

"आंघोळ करताना हाताला लागलं. मी किती मणी लपवले रे तुमच्यासाठी, आतला मणी बाहेरून कसा लागतो ते मला कळणार नाही?"

"मग सांगायचं नाही का?"

"तूच म्हणायचास ना, हे अजून कच्चं आहे, चुकतं. म्हटलं, चुकत असेल. म्हणून रोज विचारत होते त्याला. एखाद्या दिवशी हिरवा लागेल."

"आणि मी डॉक्टरांना बोललो तेव्हा? तेव्हा तरी..."

"तेव्हाच सांगायला हवं होतं. ट्रे हातात होता आणि तोंडातून शब्द फुटेना. रात्रभर झोप नव्हती मला." ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "पण तुला जगात एकाच माणसाची खात्री वाटत होती. तिच्याच आत काहीतरी लपलंय, हे तुला कसं सांगू?"

चिमटेवाल्यांनी तिचा हात धरला. धरताना त्यांना कळेना किती जोराने धरावा.

"ते बोट फक्त कठीण आहे एवढंच सांगतं," ते म्हणाले. "काय आहे ते नाही सांगत. ते माणसालाच पाहावं लागतं. चल."

ते तिला दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे नेऊ शकले असते. इस्पितळाच्या पायरीपर्यंत त्यांच्या मनात तेच चाललं होतं. सर्जनांनी दार उघडं धरून ताईला आत घेतलं, नर्सला बोलावलं, आणि तपासून झाल्यावर तिच्याशीच बोलले, सावकाश, खुर्ची जवळ ओढून. चिमटेवाल्यांकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि पाहणं टाळलंही नाही. तपासणीत जे निघायला नको होतं तेच निघालं. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. मणी गेला, पण त्याची मुळं काखेपर्यंत गेली होती. थोडं लवकर आला असतात तर, असं सर्जन एकदाच म्हणाले, तेही वाक्य अर्ध्यावर सोडून. ताईची औषधं सुरू झाली. तिचे केस गळाले, आणि ती म्हणाली, तेलाचा खर्च वाचला.

चिमटेवाल्यांनी बोट पेटीतून काढलं ते पुष्कळ दिवसांनी. खिळा बारीक केला, स्प्रिंग बदलली, जे कठीण ते किती खोल आहे हेही दिव्यांनी सांगावं अशी सोय केली. वड्या आता ते स्वतःच करत आणि ताई खाटेवरून सांगे मणी कुठे घालायचा, त्यामुळे खेळात काही अर्थ उरला नव्हता.

मग एका दुपारी त्यांनी बोट टॉवेलात गुंडाळलं आणि ते इस्पितळात गेले. मागच्या दाराने जायची त्यांना मुभा होती, पण ते पुढून गेले आणि रोग्यांच्या बाकावर बसले. त्यांचा पुकारा झाला तेव्हा त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला हात केला. "तुम्ही जा आधी. मला घाई नाही." त्याच्यानंतर एक बाई लेकराला घेऊन उभी होती. "जा बाई तुम्ही." बाक हळूहळू रिकामा होत गेला. नर्सने दोनदा विचारलं, बाबा, तुम्हाला नक्की कुणाला भेटायचंय?

शेवटी व्हरांड्यात कुणी उरलं नाही. आतला दिवा मालवला गेला आणि सर्जन स्वतः दारात आले. बाकावर एकटे बसलेले चिमटेवाले त्यांना दिसले. मग आत वळून त्यांनी दिवा पुन्हा लावला, खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, आणि दिवसभर प्रत्येकाला विचारलं होतं त्याच आवाजात ते म्हणाले,

"या. काय होतंय तुम्हाला?"