मूळ उत्पादकाचं बिल

“अहो मॅडम, कंगवे आम्हीच करतो. बिल कुणाचं आणू? माझ्याच नवऱ्याचं?”

फोनवरच्या मुलीने मधाळ आवाजात पुन्हा तीच पोपटपंची केली. “माल नकली असल्याची तक्रार आहे. मूळ उत्पादकाचं बिल अपलोड करा. तोवर तुमचं ऑनलाइन दुकान बंद राहील.”

कंगवेवाल्याच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो कानशीने लाकडी कंगव्याचे दात घासत बसला होता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हाही तो हेच करत होता. आता कुणा गिऱ्हाइकाने वापरून, दात मोडून कंगवा परत पाठवला, वर ‘नकली’ असा शेरा मारला, आणि ज्या कंपनीच्या ॲपवर ते कंगवे विकत, तिने डोळे मिटून मान डोलावली.

“त्यांना म्हणावं, या इथे,” तो म्हणाला. “समोर बसून करून दाखवतो.”

“कोण येतंय? त्यांना ना दार, ना उंबरा.”

सुरुवातीला मात्र केवढी लाडीगोडी! ‘आमचे भागीदार’ काय, ‘आमचं कुटुंब’ काय. मग हळूच अट आली, आमच्यापेक्षा स्वस्त कुणाला द्यायचं नाही. घाऊक भाव बंद झाला तसे बाजारातले दुकानदार तुटले. मग अख्खा माल कंपनीच्या गोदामात ठेवून घेतला. परत हवा तर वाहतूक तुमची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मेल्यांनी गोठ्यात नेऊन बांधलं आणि वर म्हणायचे, दावं तुमच्याच हातात आहे.

“मॅडम, एक मार्ग आहे,” मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. “चूक मान्य करा. नकली माल विकला, पुन्हा विकणार नाही, एवढं लिहा. सगळे तसंच करतात. लगेच चालू होतं.”

“ज्यांनी नकली विकला नाही ते पण?”

“सगळेच, मॅडम.”

फोन स्पीकरवर होता, नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. कानस खाली ठेवून तो म्हणाला, “भीक मागीन. पण माझ्या हातचा कंगवा नकली आहे, असं लिहिणार नाही. तू पण लिहायचं नाहीस.”

तो बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता, हीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशी तो लाकूड आणायला गेला, तेव्हा तिने मोबाइल घेतला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं. आम्ही नकली कंगवे विकले. आमची चूक झाली. खाली त्याचं नाव घातलं. तिला कंपनीची शिसारी आली, आणि स्वतःचीही थोडी आली.

दुकान चालू झालं. ऑर्डर आल्या. कंगवेवाला समोरच्या इस्त्रीवाल्याला बोलावून सांगू लागला, “बघितलंस? शेवटी पटलं त्यांना. खऱ्याला मरण नाही.”

“दादा, तुमचं कामच तसं आहे,” इस्त्रीवाला म्हणाला.

ती खाली मान घालून गोदामात पाठवायची नवी खोकी बांधत राहिली. नवरा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. जेवण झाल्यावर म्हणाला, “अगं, त्यांना दोन ओळी लिही. आभार मानायला हवेत. माणसं भली निघाली.”

“कशाला उगाच?”

“लिही म्हणतो ना.”

तिने लिहिलं. असल्या बाबतीत कंपनी भारी तत्पर. हात धुऊन तो परत येईपर्यंत उत्तर हजर. ‘प्रिय भागीदार, आपण कबूल केलेला गुन्हा आपल्या खात्यावर कायम राहील. यापुढे एकही तक्रार आली, तर दुकान कायमचं बंद केलं जाईल. पुढच्या आठवड्यातल्या अर्ध्या किमतीच्या सेलमध्ये आपला माल आम्ही घेतला आहे. अभिनंदन.’

“काय म्हणतात?” चष्मा शोधत त्याने विचारलं.

तिने मोबाइल मांडीवर उपडा ठेवला.

“म्हणतात, कंगवे छान आहेत.”

“मग? मी काय सांगत होतो,” तो म्हणाला, आणि त्याने नवीन फळी हातात घेतली.