गाड्या अडवणारा खांब

मी खांब बोलतोय. दिव्याचा नाही, तारांचाही नाही. रस्त्याच्या मधोमध उभा केलेला, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीचा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लोखंडी खांब. गाड्या अडवणं एवढंच माझं काम. सायकल माझ्या डाव्या-उजव्या अंगाने सहज निघून जाते. माणूस जातो. कुत्रं तर मला ओलं करून जातं. मोटार मात्र जात नाही, आणि त्यामुळे मोटारवाल्यांचं माझ्याविषयी फारसं चांगलं मत नाही.

माझ्या पाठीमागे जो रस्ता सुरू होतो तो नदीचं बोट धरून चालतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कडा, मध्ये सपाट डांबर आणि वर झाडांची सावली. एके काळी हाच मोठा रस्ता होता. खाणीचे ट्रक इथूनच धूळ उडवत जायचे. पुढे पलीकडच्या डोंगरातून रुंद नवा रस्ता निघाला आणि हा जुना रस्ता सायकलींना देऊन टाकला. दिला म्हणजे काय, तर तोंडाशी एक पाटी लावली. पाटी वाचून मोटारवाले आपण होऊन मागे फिरतील असं ती लावणाऱ्याला वाटलं असावं. माणसं पाटी वाचतात हे खरं, पण ती दुसऱ्यासाठी लिहिलेली आहे असं समजून वाचतात.

या रस्त्यावर, खोऱ्यात बरंच आत, एक जुनं दगडी घर आहे. तिथे एक जोडपं राहायचं. काका वेल्डर होते आणि काकू सायकली दुरुस्त करायच्या. लांबून लांबून सायकलवाले नदी बघायला यायचे, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना पंक्चर काढता यायचं नाही. भारी सायकल, भारी चष्मा, अंगाला चिकटलेले कपडे, आणि ट्यूब हातात धरून चेहरा असा, की जणू साप धरलाय. काकू त्यांना हसायच्या आणि पंक्चर काढून द्यायच्या.

त्यांना एकच मुलगी होती. ती याच रस्त्याने सायकलवरून शाळेला जायची. एका सकाळी वळणावर समोरून मोटार आली. चालवणारा जवळचा रस्ता म्हणून आत शिरला होता. पाटी आपण पाहिली होती, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलं. मुलगी शाळेत पोहोचली नाही.

मी त्यानंतरचा.

काकांनी मला घरामागच्या शेडमध्ये बनवलं. जाड पाइप घेतला, त्यात काँक्रीट भरलं आणि मधोमध एक नळी बसवून तिच्यात सळई मोकळी सोडली. करवत तिच्यापर्यंत पोहोचली की सळई पात्याबरोबर गरगर फिरते आणि कापली जात नाही. रस्त्यात खोल खोबण केली, मला तिच्यात उभं केलं आणि बुडाशी, फक्त किल्लीच पोहोचेल असं आत, कुलूप बसवलं. कुलूप उघडलं की मला उचलून बाजूला ठेवता येतं, नाही तर नाही. दोन्ही बाजूंना काकांनी मोठाले दगड रोवले.  काम करताना ते मध्येच मुखवटा वर करून डोळे पुसायचे आणि वेल्डिंगची झळ लागली म्हणायचे.

"इतका पक्का करू नकोस," त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला होता. रस्त्याच्या तोंडाशी त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. "उद्या किल्ली हरवली तर तुलाच कापता येणार नाही."

"कापता येऊच नये," काकू म्हणाल्या होत्या.

मी उभा राहिलो आणि खोरं शांत झालं. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. सकाळी शाळेची मुलं जायची आणि जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारायची. म्हातारी माणसं माझ्यावर हात टेकून दम खायची. मोटारवाले यायचे, उतरायचे, माझ्याकडे आणि दगडांकडे बघून वितीने अंतर मोजायचे. "दोनच मिनिटांचं काम आहे हो," असं ते मला सांगायचे. मी काय बोलणार? ते परत जायचे.

किल्ल्या दोन होत्या. एक काकूंकडे, दुसरी रस्ते खात्याच्या कार्यालयात. एका सुट्टीच्या दिवशी कार्यालयातल्या साहेबांचे पाहुणे त्या किल्लीने मला काढून जीप घेऊन आत गेले, नदीवर जेवायला. काकूंना कळलं तेव्हा त्या सायकल काढून थेट कार्यालयात गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. त्या परत आल्या तेव्हा काका माझ्यापाशी उभे होते.

"अडीनडीला एक असू दे तिकडे," ते म्हणाले. "नाही तर दवाखान्यात तरी देऊन ठेव."

"अडीनडीच्या नावाखाली सगळं जग आत येतं," काकू म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडेच राहील. ज्याला हवी त्याने माझ्याकडे यावं आणि माझ्या तोंडावर सांगावं कशाला हवी ते."

दोन्ही किल्ल्या त्यांनी एका दोरीत ओवून गळ्यात घातल्या.  मुलगी गेल्यापासून काका काकूंचं म्हणणं मोडत नसत.

ती दुपार मला विसरता येत नाही.

वरच्या घळीत कुणाची तरी साखळी तुटली होती, म्हणून काकू हत्यारांची पिशवी घेऊन गेल्या होत्या. घळीत फोन लागत नाही. शाळेतल्या एक बाई घरी जाताना हवा भरायला म्हणून दगडी घरापाशी थांबल्या, तर काका शेडच्या दारात खाली बसलेले. छातीवर हात, अंग घामाने भिजलेलं. बाईंनी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, अँब्युलन्सला फोन लावला आणि येणाऱ्या पहिल्या सायकलवाल्याला काकूंच्या मागे घळीकडे पिटाळलं.

अँब्युलन्स लगेच आली. खरंच लगेच आली. तिचा भोंगा ऐकून मला आधी काही वाटलं नाही, कारण मोठ्या रस्त्याने त्या जातच असतात. मग ती वळली आणि माझ्यापुढे येऊन थांबली.

चालक उतरला. "किल्ली कुणाकडे आहे?"

धाकटा भाऊ दुकानातून पळत आला होता. "वहिनीकडे."

"वहिनी कुठे आहेत?"

त्याने वर घळीकडे हात केला.  चालकाने गाडीतून लोखंडी पहार काढली आणि माझ्या बुडाशी घातली. मी हललो नाही. भाऊ दुकानातून बॅटरीवर चालणारी करवत घेऊन आला आणि चालवू लागला. पाइप कापला गेला, काँक्रीटची भुकटी उडाली आणि मग पातं सळईवर पोहोचलं. सळई गरगर फिरायला लागली. काकांनी केलं होतं तसंच ते अगदी नीट चाललं. भाऊ करवत चालवत राहिला, रडत राहिला आणि म्हणत राहिला, "दादा, अरे काय करून ठेवलंस हे."

मला वाकता आलं असतं तर मी वाकलो असतो. पण मला वाकता न येण्यासाठीच बनवलं होतं.

शेवटी ते दोघं आणि अँब्युलन्समधली नर्स स्ट्रेचर घेऊन आत धावले. तो रस्ता सायकलवरून छोटा आहे. माणूस उचलून आणायला फार लांब आहे. वाटेत जे जे सायकलवाले भेटले त्यांनी सायकली टाकून स्ट्रेचरला हात लावला. ते परत वळणावर दिसले तेव्हा पुष्कळ माणसं होती, पण घाई कुणालाच नव्हती. नर्स बाजूने नुसतीच चालत होती. तेव्हाच मला कळलं.

त्यांच्या मागून काकू आल्या. सायकल इतकी जोरात होती की त्या त्यांना मागे टाकून माझ्यापर्यंत आल्या, सायकल तशीच पाडली, गळ्यातली दोरी ओढून काढली आणि कुलूप उघडायला लागल्या. किल्ली लागेना. कुणी तरी म्हणालं, "काकू, राहू दे आता." त्यांनी ऐकलं नाही. कुलूप उघडलं, मला मिठी मारल्यासारखं धरून उपसून काढलं आणि बाजूला टाकलं. मग अँब्युलन्सच्या चालकाला म्हणाल्या, "जा आत. रस्ता मोकळा आहे." स्ट्रेचर तोवर गाडीपाशी येऊन थांबलं होतं.

त्यानंतर घरी भेटायला येणाऱ्यांच्या गाड्या सुरू झाल्या. भाऊ म्हणाला, "चार दिवस खांब बाजूलाच राहू दे." ते बरोबरच होतं. दुःखाच्या घरी येणाऱ्याला कोण अडवणार? मी कडेच्या गवतात आडवा पडून त्या गाड्या मोजायचं टाळत होतो.

चार दिवस झाले, आणि आणखी बरेच झाले. भेटायला येणारे संपले, गाड्या संपल्या नाहीत. आत जाता येतं हे एकदा कळलं की सगळ्यांनाच आत काम निघतं. आधी रेतीवाले आले, मग सहलीवाले. मग मोठ्या रस्त्यावरची गर्दी टाळणारेही आले. कुणाचं चाक खोबणीत आदळलं असेल, म्हणून कुणी तरी तिच्यात डांबर ओतून ती बुजवून टाकली. तेवढं काम मात्र कुणी न सांगता झालं.

एके दिवशी काकू दुकानात गेल्या. दुकान माझ्या समोरच आहे, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"भावजी, किल्ल्या करून आणल्यात. एक दवाखान्यात दिली, एक अँब्युलन्समध्ये. ही तुमच्या दुकानात टांगा. खोबण उकरा आणि खांब उभा करा. मला एकटीला उचलवत नाही."

"तेव्हा उपसलात की एकटीने."

"तेव्हा उपसला."

भाऊ खिळ्यांचा डबा उगाचच हलवत होता. "ज्याने माझा भाऊ खाल्ला तो मी माझ्या हाताने उभा करू?"

"त्यांना खांबाने नाही खाल्लं. किल्ली माझ्या गळ्यात होती." काकूंचा आवाज चढला नाही. "मला बोल लावा. आयुष्यभर लावा, मी ऐकून घेईन. पण पोरं जातात त्या रस्त्याने."

"दादा गेला वहिनी, तरी तुम्हाला खांबच दिसतो."

"दादा गेले, पोरगीही गेली. आता अजून कोण जायची वाट बघायची?"

 दुकानापुढे एक मोटार थांबली होती आणि तिच्यातलं गिऱ्हाईक हाका मारत होतं. भाऊ तिकडे गेला. काकूंनी किल्ली गल्ल्याशेजारी ठेवली आणि बाहेर आल्या. तो वाईट माणूस नाही. भावावर त्याचा जीव होता, आणि त्याचं दुकान आता पूर्वीपेक्षा चांगलं चालतं. यातलं कुठलं कारण किती, हे त्यालाही सांगता येणार नाही.

काकू कार्यालयातही जाऊन आल्या. तिथे त्यांना विचारण्यात आलं, की ज्या खांबामुळे माणूस दगावला तो परत लावायची जबाबदारी कोण घेणार? जबाबदारी मी घेते, असं काकू म्हणाल्या. ती तुम्हाला घेता येत नाही, असं तिथले लोक म्हणाले.

करवतीने मला जिथे कापलं तिथे आता गंज चढलाय. पट्ट्यांचा रंग उडाला आहे. माझी काही तक्रार नाही. खांबाला निवृत्ती कधी ना कधी यायचीच, आणि गवतात पडून नदीचा आवाज ऐकणं वाईट नसतं. पण सकाळी शाळेची वेळ झाली की मला झोप लागत नाही, कारण त्या वेळी काकू येतात.

त्या सायकल दगडाला टेकवतात आणि रस्त्याच्या मधोमध, खोबण बुजवली त्या डांबरावर, उभ्या राहतात. दोन्ही हात खाली. मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंनी सायकली काढतात. मोटार आली की काकू हलत नाहीत.

"ओ बाई, बाजूला व्हा."

"मुलं पुढे जाऊ देत, मग जा."

काही जण थांबतात. काही जण हॉर्न दाबून ठेवतात. काही जण त्यांच्या आणि दगडाच्या मधून गाडी काढायला बघतात. परवा एका गाडीचा आरसा त्यांच्या कोपराला लागला आणि त्या माझ्या शेजारी गवतात पडल्या. थोडा वेळ बसून राहिल्या. पदराने कोपर बांधलं आणि परत जाऊन उभ्या राहिल्या, कारण अजून दोन मुलं यायची होती.

तुम्ही या खोऱ्यात याल तर नदी बघा, झाडं बघा, जरूर जा. सायकलने गेलात तर उत्तमच. पण गाडीने आलात आणि रस्त्याच्या तोंडाशी एक बाई उभी दिसली, तर कृपा करून आधी ब्रेक दाबा. त्या जागेसाठी लोखंड घडवलं होतं, आत काँक्रीट भरलं होतं. तिथे आता उभी आहे ती हाडामांसाची आहे.