आतली चाकोरी

माझ्या पाठच्या भावाने माझ्या नवऱ्याला भर बाजारात वडाभोवती फिरवलं, आणि तेही सरकारी हुकमाला धरून. त्यामुळे त्याला कुणी दोष दिला नाही. मी देते, आणि देत राहणार.

नारायणगावाबाहेर, वारूळवाडीच्या अंगाला, चार वाटा एका वडाच्या पाराशी मिळायच्या. बाजाराच्या दिवशी तिथे गाड्यांची नुसती रेटारेटी, त्यात पुण्या-नाशकाचे टांगे. कुणाचं चाक कुणाच्या चाकात अडकायचं आणि मग एकमेकांच्या सात पिढ्या निघायच्या. शेवटी फौजदाराने हुकूम काढला की पार उजव्या हाताला ठेवूनच सगळ्यांनी फिरायचं. आम्ही पिंपरी पेंढारकडून येणार. आमच्यातल्या ज्याला पहिल्याच वळणाला बाजारात शिरायचं, त्याने बाहेरच्या चाकोरीने जायचं. ज्याला पुढे जुन्नरच्या वाटेला लागायचं, त्याने पाराला लागून, आतल्या चाकोरीने. देखरेखीला काठी घेऊन एक शिपाईही उभा केला होता. हुकूम चांगलाच होता, पण आमच्या चांद्याला तो मानवणारा नव्हता.

चांद्या आमचा उजवीकडचा बैल. गाडीला जुंपण्याआधी आठ सुग्या तो सासऱ्यांच्या खळ्यावर मळणीला फिरलेला. खळ्यात मधोमध लाकडी खांब रोवतात, त्याला तिवडा म्हणतात. त्याला लागून चालायची जागा चांद्याची. उजव्या खांद्याशी असं काही उभं दिसलं की त्याला वाटायचं मळणी सुरू झाली, आणि तो फिरू लागायचा. मग कासरा ओढा नाहीतर चाबूक मारा. थांबायचा तो एकाच गोष्टीने. मी भाकरी घेऊन खळ्यावर गेले की त्याच्यापुढे उभी राहून म्हणायची, "सुटली रं मळणी, बाळा." सासरे गेल्यावर ही खोड आम्हा नवराबायकोलाच ठाऊक उरली. म्हणून आमचे हे पाराशी आले की बाहेरच्या चाकोरीनेच सगळा वळसा घ्यायचे, लोकांच्या शिव्या खायचे आणि हसून पुढे जायचे.

त्या वर्षी घेवरचंद शेठजींना घाटघरकडचा हिरडा आणायला एक कायमची गाडी हवी होती. त्यांचं दुकान जुन्नरच्या वाटेच्या तोंडाशीच होतं, ओट्यावर बसलं की अख्खा पार दिसे. बाजाराच्या दिवशी गाडी-बैल दाखवायला या, मग ठरवू, असं त्यांनी दोघांना सांगितलं होतं. एक आमचे हे आणि दुसरा माझा भाऊ चिमाजी. आमच्या यांना भाड्याच्या मागे सहा-सहा महिने मुलूख पालथा घालावा लागायचा. आमची धाकटी त्यांना पाहिलं की परका समजून रडायची. हे काम मिळालं असतं तर माणूस दर तीन दिवसांनी घरी आला असता. मला दुसरं काही नको होतं.

चिमाजीला मी काखेत वागवलेला. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता, मी नऊची. तेव्हा काम कुणालाही मिळो, घरातच राहील, असं मी यांना म्हटलं होतं. अक्कल म्हणतात ती ही.

त्या सकाळी आम्ही दोघं गाडीतून पाराशी आलो. यांनी नेहमीसारखी बाहेरची चाकोरी धरली. तेवढ्यात मागून चिमाजीची गाडी आली, आमच्या डावीकडे घुसली आणि आमच्या चाकाला चाक भिडवून चालू लागली. आम्हाला आत सरकण्यावाचून इलाज राहिला नाही.

"दाजी, तुमाला जुन्नरच्या वाटंला जायाचं न्हवं? मग आतून घ्या," तो म्हणाला. "मला आदी बाजारात वळायचंय."

शिपायानेही काठी आपटून तेच सांगितलं. हे एकदा चिमाजीकडे बघत राहिले, मग त्यांनी कासरा आत ओढला. चिमाजी पहिल्याच वळणाला बाजारात शिरला. त्याची गाडी रिकामी होती. बाजारात त्याचं काय काम होतं, देव जाणे.

चांद्याच्या उजव्या खांद्याशी वड आला आणि चांद्याची मळणी सुरू झाली. पुण्याची वाट गेली, जुन्नरची गेली, आम्ही आलो ती वाटही मागे पडली. दुसऱ्या फेऱ्याला लोक हसू लागले. तिसऱ्याला पारावरची रिकामटेकडी मंडळी फेरे मोजू लागली. हे कासरा ओढून ओढून लालबुंद झाले होते, पण त्यांनी चाबूक उगारला नाही. तेवढ्यात चिमाजी बाजारातून परतला आणि आमच्या अंगावरून, मान खाली घालून, शेठजींच्या दुकानाकडे निघून गेला.

चौथ्या फेऱ्याला लाज सोडून मी खाली उडी मारली. पदर खोचला आणि सगळ्या बाजारासमोर चांद्यापुढे उभी राहून म्हणाले, "सुटली रं मळणी, बाळा." तो तिथल्या तिथे थांबला आणि माझा हात हुंगू लागला.

शेठजी मनाने वाईट नव्हते. ते ओट्यावरून उतरून आले, चांद्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बैल गुणी आहे, बाई. पण घाटाच्या वळणावर असा फिरला तर गाडी खाली जाईल, आणि माणूसही." काम चिमाजीला मिळालं.

मी त्याला दुकानामागे गाठलं आणि असं का केलंस ते विचारलं. तो नजर न उचलता म्हणाला, "आक्का, म्या कायद्यानंच गेलो. माजं काय चुकलं त्ये सांग." त्या दिवाळीपासून मी त्याला ओवाळलेलं नाही.

पण खरी गोष्ट तिथे संपली नाही. परतीच्या वाटेवर गावाचा ओढा लागला. ओढ्यात बैल पाणी प्यायला थांबले, तेव्हा हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही खोड तुला न् मला सोडून कुनाला ठावं न्हवती."

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण गेल्या भाऊबीजेला, पोटभर हसत, चांद्या कसा फिरतो ते चिमाजीला मीच अंगणात चालून दाखवलं होतं. तोही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला होता.

"मीच सांगितली," मी म्हणाले.

यांनी मान डोलवली आणि बैल पाण्याबाहेर काढले. मला रागे भरले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुढच्या महिन्यात भाड्याला गेले ते पावसाच्या तोंडाशी परतले.

दोन वर्षांनी चांद्या गेला. यांनी आळ्याहून नवा बैल आणला, तांबडा, थोराड. रोज पहाटे त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे, आणि मी गोठ्यात शिरले की गप्प व्हायचे. सोळा वर्षं तो बैल माझ्या दावणीला होता, माझ्या हातचा चारा खात होता. त्याची खोड काय होती, ते मला कधीच कळलं नाही.