लाकडी मूठ

लडकूनं स्टो तिरका धरून टाकीतलं उरलंसुरलं रॉकेल बाटलीत ओतलं, बर्नर सोडवून बाजूला ठेवला आणि पंपाचा दांडा बाहेर ओढला. दांडा हातात आला तसा तो थांबला. टोकाला पितळेचं बटण नव्हतं. त्या जागी लाकडाची मूठ होती. बोटभर लांब, गुळगुळीत, भोक पाडून दांड्यावर घट्ट बसवलेली.

त्यानं ती दाराच्या उजेडात धरली. लाकूड ओळखीचं होतं. लूमच्या धोट्यात सुताची कांडी घालतात, त्या कांडीचा जाड बुडखा होता तो. मोडक्या कांड्या लडकूच चुलीला म्हणून कारखान्यातून घरी आणायचा.

दारातून शेवंता काहीतरी म्हणाली. लडकूनं मान हलवली.

"अहो, मान काय हलवता लडकूभाऊ? ताटं किती देऊ विचारलं. हो काय, हो?"

"पंधरा दे."

"परवा पण हो, आज पण हो. उद्या म्हणीन, खोली माझ्या नावावर करा. तरी मान हलवाल."

ती हसली. लडकूही थोडा हसला. शेवंता शेजारच्याच खोलीत राहायची. कलावती गेल्यापासून त्याचं जेवण तिच्याकडूनच यायचं. चहापुरता वातीचा स्टो होता. हा पंपाचा मोठा स्टो वर्षभर फळीवरून खाली उतरला नव्हता.

कलावतीचं वर्षसराद झालं होतं, आता सण धरायला हरकत नव्हती. उद्या शनिवारी गौरी यायच्या होत्या. कलावतीची धाकटी बहीण गोदू वळ गावाहून येणार होती, सगळ्या गोतावळ्यासह. सोमवारपर्यंत पंधरा माणसं. तिनं निरोप पाठवला होता, आमच्या ताईच्या घरच्या गौरी बंद पडायच्या न्हाईत, रांधायचं मी बघते, तुम्ही फक्त घर चालू करून ठेवा. म्हणून लडकूनं आज सुटी घेतली होती. शुक्रवारी लूम बंद असतात, पण त्याच्यासारख्या लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला शुक्रवारीच जास्त काम. बंद मशीन उघडायला तोच दिवस. बावीस वर्षांत त्यानं शुक्रवारची सुटी घेतल्याचं शेवंताला आठवत नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं.

"ही मूठ कोणी बसवली?" त्यानं विचारलं.

शेवंतानं बघितलं. "रामनाथ मिस्त्रीनं. टेमघरच्या. वहिनी त्याच्याकडंच न्यायच्या ना सगळं. स्टो, इस्त्री."

"टेमघरला?"

"मग? मी पण गेलेय एकदा त्यांच्यासंगं."

शेवंता ताटं मोजून ठेवायला गेली.

त्याच्या हाताखाली चौऱ्याण्णव लूम होते. नारपोलीतले दुसरे शेठसुद्धा अडलं की त्याला बोलवायचे. आळीतल्या बायका पंखे घेऊन दारात यायच्या. आणि त्याची स्वतःची बायको स्टो पिशवीत घालून टेमघरला चालत जायची, दुसऱ्या मिस्त्रीकडं.

त्यानं इस्त्री काढली. तिच्या मुठीवर कापडी पट्टी गुंडाळलेली होती, आवळून, हात चांगला जाणणाऱ्यानं गुंडाळावी तशी. मग तो स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेला. तिथल्या दिव्याचं बटण त्यानं कधी दाबलं नव्हतं. तो कोपरा तिचा होता. बटण कमरेच्या उंचीवर होतं. वर, हातभर अंतरावर, जुन्या खिळ्यांची चार भोकं चुन्यानं बुजवलेली होती. तो बराच वेळ त्या भोकांकडं बघत उभा राहिला. वायर नवी होती, काम सरळ होतं. कोणीतरी त्याच्या घरात येऊन, भिंतीला हात लावून, काम करून गेलं होतं.

त्यानं दांडा पुन्हा टाकीत घालून दाबून बघितला. पंप अगदी हलका होता. लोण्यात बोट जावं तसा जात होता. चामड्याचा वॉशर तासून पातळ केलेला. असा पंप कोणी करत नाही. शंभर वेळा मारावा तेव्हा हवा भरणार.

लडकूनं स्टो पिशवीत घातला आणि चप्पल पायात सरकवली.

रामनाथ मिस्त्रीचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला एक टपरी होती. आत स्टो, कंदील, दोन पंखे. रामनाथ साठीचा, बारीक, चष्म्याला दोरा बांधलेला. लडकूनं पिशवीतून स्टो काढून त्याच्यापुढं ठेवला. रामनाथनं मूठ बघितली आणि मान वर केली.

"कलावतीबाईंचा." मग तो उठून उभा राहिला. "तुम्ही जॉबर."

"ही काय मिस्त्रीगिरी झाली? पंपात दम न्हाय. वॉशर कापून टाकला तुम्ही."

"मुद्दाम कापला. बसा."

"बसायला न्हाय आलो."

"त्यांना जड पंप मारवत नव्हता. उजव्या हातात जोर नव्हता ना. खांद्यापासून दुखायचं. डाव्या हातानं मारता यावा म्हणून मूठ मोठी केली. कांडी त्यांनीच आणून दिली होती."

लडकू त्याच्या तोंडाकडं बघत होता. रामनाथनं ते ओळखलं आणि आवाज चढवला.

"हात वर होत नव्हता त्यांचा! दिव्याचं बटण पण म्हणून खाली घेतलं!"

"कधी?"

"आदल्या दिवाळीच्या आधी. त्या गेल्या श्रावणात गेल्या ना? त्याच्या आदली दिवाळी."

लडकू बाकड्यावर बसला. मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरनं काखेतली गाठ दाबून बघितली होती आणि विचारलं होतं, किती दिवस झाले. पंधरा दिवस, साहेब, असं त्यानं सांगितलं होतं. डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं, मग कलावतीकडं. ती भिंतीकडं बघत होती. उशीर केलात, एवढंच डॉक्टर म्हणाला होता.

"तुम्हाला सांगितलं तिनं," लडकू म्हणाला. "स्टोवाल्याला सांगितलं. मला न्हाय."

रामनाथ चष्मा पुसायला लागला.

"घरच्या माणसाला न्हाय सांगितलं," लडकू पुन्हा म्हणाला. "बावीस वर्षं एका ताटात जेवलो. मी काय तिला मारणार होतो? लूम टाकून उचलून न्हेली असती दवाखान्यात."

"जॉबर, सांगितलं होतं त्यांनी."

"कोणाला?"

"तुम्हाला. मीच म्हटलं होतं, बाई, हे स्टोचं काम न्हाय, डॉक्टरला दाखवा, घरी सांगा. पुढच्या खेपेला विचारलं, सांगितलंत का? हो म्हणाल्या. दोनदा सांगितलं म्हणाल्या."

"मग?"

रामनाथनं चष्मा डोळ्यांवर चढवला. तो पुढचं हळू बोलला, पण लडकूला ओठांवरून कळलं.

"म्हणाल्या, त्यांनी मान हलवली."

रस्त्यानं सुताची पेटी लादलेली हातगाडी गेली. लडकू स्टोच्या टाकीवर बोट फिरवत राहिला. रामनाथनं चहा सांगू का विचारलं. लडकूची मान हलली, मग त्यानं ती धरून ठेवल्यासारखी थांबवली आणि तोंडानं सांगितलं, "नको."

"वॉशर बदलून देऊ? उद्या गौरी, पाहुणे येतील, तर जोरात पेटायला हवा."

"राहू दे तसाच."

परतताना तो भरभर चालला. दोनदाच का, हे त्याच्या मनात घोळत होतं. दोनदाच का सांगितलं? तिला ठाऊक नव्हतं का, नवऱ्याचे कान लूमनं खाल्लेत? आळीतल्या पोराला ठाऊक होतं. खांद्याला धरून हलवायचं होतं. ताट बाजूला सारून समोर बसायचं होतं. शेवंता ओरडते, तसं ओरडायचं होतं. एवढं मिस्त्रीला सांगता आलं आणि नवऱ्यापुढं एकदा ओरडता आलं नाही. नारपोलीच्या वळणावर त्याच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं बोलतो आहोत, आणि पानवाला बघतो आहे.

कलावतीचा आवाज कसा होता, हे त्याला आठवेना. ती स्टोपुढं पाठमोरी बसायची. स्टो फुरफुरत असायचा, भिंतीपलीकडं कारखाना चालू असायचा. तिची पाठ तेवढी आठवली.

घरी येऊन त्यानं सगळी कामं केली. बर्नर घासला, निप्पलला पिन मारली, टाकी चिंचेनं उजळली. पंख्याला तेल दिलं. इस्त्रीची वायर बदलली, पण मुठीची पट्टी सोडली नाही. खालच्या बटणाला हात लावला नाही.

शनिवारी अकरा वाजता पाहुणे आले. मोटारीच्या स्टँडपासून चालत, डोक्यावर गाठोडी, भाजीची टोपली. खोली एका क्षणात भरली. गोदू आत शिरली ती पदर खोचूनच. तिनं कोपऱ्यातलं बटण दाबलं, खाली, जसं काही तिथं ते नेहमीच होतं. मग स्टोपुढं बसून पंप मारायला लागली. पाण्याचं पातेलं चढवलं. स्टो निळा पेटला आणि फुरफुरू लागला. भिंतीपलीकडं कारखाना चालू होता.

लडकू दारात पाटावर बसला होता. गोदू मागं न वळता काहीतरी म्हणाली.

लडकूनं मान हलवली.

मग तो उठला. पोरांमधून वाट काढत कोपऱ्यात गेला, पंखा बंद केला, आणि वाकून स्टोची चावी सोडली. सूं करून हवा गेली. ज्योत विझली.

"अगो बाय! भावजी, इझवला कशाला? पानी आता उकळलं असतं."

लडकू तिच्यासमोर उकिडवा बसला.

"काय म्हणालीस?"

"कधी?"

"आत्ता. मला ऐकू न्हाय आलं. परत सांग."

गोदू हसली. "काय न्हाय हो. मूठ बरी हाय म्हनलं ही. माझ्या पन स्टोला अशीच बसवून द्या."

"का?"

"म्हंजे?"

"कशाला पाहिजे तुला? हात दुखतो?"

"आता काय सांगू या मानसाला! बरी वाटली म्हनून म्हनलं."

"खरं सांग."

दारातून शेवंता ताटं घेऊन आली आणि काही विचारू लागली. लडकूनं तिच्याकडं न बघता हात वर करून तिला थांबवलं. त्याची नजर गोदूच्या ओठांवर होती.

गोदूचं हसू ओसरलं. तिनं काडेपेटीतली काडी डाव्या हातात घेतली, पण ओढली नाही.