माझ्या सहा घरांतली काजळी

मी बोलतेय, पलंगाशेजारच्या खणातून. मॅग्नम रिव्हॉल्व्हर. जुनी म्हणा, चालेल. शोभेची म्हटलंत तर खबरदार! माझ्या काळी कारखान्यात माणसं हातात कानस धरून काम करायची. त्यांनी दिलेली निळी झाक आता नळीच्या टोकाशी उडालीय. कातडी म्यानात आत-बाहेर होऊन उडालीय, तिची मला लाज नाही. मला शिसारी येते ती दुसऱ्याच गोष्टीची.

मला वायोमिंगला आणलं ऑर्विलने. गुरंवाला माणूस, बोलायला महाग. मला कमरेला लावून कुंपणं नीट करत हिंडायचा. माझ्या चक्रात सहा घरं. त्यांत आखूड काडतुसं बसतात, लांबही बसतात. आखूड सौम्य, सरावाची. लांब ती खरी मॅग्नम, कामाची. तीही ऑर्विल जड गोळीचीच घ्यायचा. हलक्या गोळीची, भडक दारूची काडतुसं तो दारात येऊ देत नसे. जावई ड्वेन एकदा तसली पेटी नाचवत आला.

"बाबा, ज्वाळा बघा हिची, हातभर निघते!"

"ज्वाळा बघायची तर चुलीपाशी बस. हिच्या नळीची मान तडकेल. परत कर."

"अहो, पण दुकानदार म्हणाला..."

"दुकानदार तुला शेपूटसुद्धा विकेल, जावईबापू."

ऑर्विलचा एक नेम होता. बार काढले की आधी माझी सफाई, मग कॉफी. मुलीला, व्हर्नाला, त्याने तेच शिकवलं. "आखूड काडतूस जिथं संपतं ना पोरी, तिथं आत काजळीचं कडं धरतं. घासलं नाहीस तर लांब काडतूस आत जायचं नाही. आणि लांब लागतं तेव्हा घाई असते."

ऑर्विल गेला. त्याची लांब काडतुसं तंबाखूच्या डब्यात राहिली आणि मी पडले ड्वेनच्या हाती. दर रविवारी मित्र, बिअर, कुंपणाच्या खांबांवर मांडलेले भोपळे. स्वस्तातली आखूड काडतुसं, मऊ शिशाची. मनगटाला झटका देऊन माझं चक्र खाडकन बंद करायचा, सिनेमातल्यासारखं. माझे सांधे कळवळायचे आणि मित्र टाळ्या पिटायचे.

"घासलीस का रे?" व्हर्ना स्वयंपाकघरातून विचारायची.

"घासली गं बाई, घासली!"

खोटारडा मेला! वरून चिंधी फिरवली, माझे फोटो काढले, झालं. आत काजळी, शिसं, करपट घाण. तोंड न धुता अत्तर लावणाऱ्या माणसासारखी माझी गत.

मग बर्फ पडलं. व्हर्नाची म्हातारी घोडी क्लोव्हर गोठलेल्या ओढ्यावर घसरली आणि तिचा पुढचा पाय मोडला. हाड बाहेर. व्हर्नाने तिला शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. घाट बंद, जनावरांचा डॉक्टर पलीकडे. रायफल घेऊन ड्वेन शिकारीला गेलेला. तिला त्या वेदनेतून सोडवायचं म्हणून व्हर्ना मला घ्यायला धावली. आखूड काडतूस एकही शिल्लक नाही. सगळी भोपळ्यांत गेली. तिने बापाचा डबा उघडला, मूठभर लांब उचलली आणि ओढ्यावर आली.

पहिलं काडतूस आत सरकलं आणि नखभर बाहेर अडलं. दुसऱ्या घरात अडलं, तिसऱ्यात अडलं. सहाही घरांत तेच. तिने मला बर्फाच्या उजेडासमोर धरून आत पाहिलं. तिचा चेहरा मला दिसला. तो मी विसरणार नाही.

"थांब गं माझे बाई, थांब जरा," ती घोडीला म्हणाली आणि ब्रश आणायला घराकडे पळाली. परत येऊन घोडीच्या मानेशी गुडघे टेकून ती एकच घर घासत बसली. बोटं गारठलेली. घोडी मोडक्या पायावर उठायला बघायची आणि पडायची. पुन्हा उठायची, पुन्हा पडायची.

अखेर काडतूस आत बसलं. मी माझं काम एका बारात केलं. तेवढा स्वाभिमान अजून शिल्लक आहे.

संध्याकाळी ड्वेन आला. टोपीवरचं बर्फ झटकत म्हणाला, "वाईट झालं गं. पण म्हातारीच होती ना? आज ना उद्या..."

"तुझ्या भोपळ्यांची काजळी होती आत."

"बरं, झाला असेल थोडा उशीर. एवढं काय त्यात?"

"मला नको सांगूस. ओढ्यावर जा, तिला सांग."

तो टोपी खुंटीला अडकवत हळूच म्हणाला, "कॉफी आहे का?"

व्हर्नाने मला टेबलावर ठेवलं, शेजारी ब्रश ठेवला. "आधी ही पाच घरं."

त्याने घासली. पहिल्यांदाच, खाली मान घालून.

आता मी व्हर्नाच्या खणात असते. ड्वेनला माझ्यापर्यंत हात पोचवू देत नाही ती. मरण द्यायलाच मला घडवलंय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याला मी फक्त खेळायला हवी आणि घासायला जड, त्याने मला शिवू नये. त्याच्या आळसाची किंमत तो भरत नाही. ती दुसराच कुणीतरी भरतो, ज्याला बोलता येत नाही.

व्हर्ना अजून अधूनमधून माझी घरं घासते, बार काढलेला नसला तरी. ब्रशचा तो खरखर आवाज मला नकोसा वाटतो. बर्फावर खूर घासत होते, ते असेच.